जवळीक आणि मोकळीक : मराठी ख्रिस्ती जीवनातील मुक्तीच्या प्रश्नाचा आढावा

प्रश्न आणि प्रदेश

देवाजवळ गेलेला माणूस कशापासून सुटतो? पापापासून, भीतीपासून, की माणसानेच माणसाच्या मानेवर ठेवलेल्या जोखडापासून? मराठी ख्रिस्ती समाजात हा प्रश्न गेली चारशे वर्षे विचारला जात आहे. त्याला ओवीतून, अभंगातून, पत्रव्यवहारातून, पुनरुज्जीवनाच्या सभांतून आणि अलीकडे चळवळींच्या भाषेतून उत्तरे दिली गेली. ही उत्तरे एकमेकांना पूरक आहेत असे वरवर वाटते, पण जवळून पाहिले की त्यांत खरे मतभेद दिसतात. ते मतभेद नीट मांडावेत आणि कोणते प्रश्न अजून शिल्लक आहेत ते पाहावे, एवढा या लेखाचा हेतू आहे.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर ठाण्याकडे उरलेला डोंगराळ आदिवासी भाग मुख्यतः या दोन तालुक्यांत आहे. कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली हे आदिवासी समाज आणि त्यांच्या शेजारी कुणबी-आगरी गावे, अशी इथली वस्ती आहे. शहापूरच्या परिसरातील तानसा, भातसा आणि वैतरणेचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात इथल्याच अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. भातकापणी उरकली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि घेतलेली उचल फिटेपर्यंत तिथे अडकतात. आजारपणात दवाखान्याआधी भगताकडे जाणारी माणसे अजून आहेत. एखाद्या बाईवर भुताळीपणाचा आळ आला तर तिचे गावात राहणे कठीण होते.

येथील ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. जुन्या मंडळ्यांतून आलेली कुटुंबे, नोकरी-व्यवसायासाठी आलेले कॅथलिक आणि घराघरांत जमणाऱ्या प्रार्थना-संगती असे त्याचे स्वरूप आहे. अशा ठिकाणी कोणी साक्ष देताना 'प्रभूने मला मोकळे केले' असे म्हणतो, तेव्हा त्या मोकळेपणात पाप, दारू, भुताचे भय आणि डोक्यावरचे कर्ज हे सगळे एकत्र आलेले असते. धर्मशास्त्राने ज्यांना वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवले, त्या गोष्टी पाड्यावर एकाच माणसाच्या आयुष्यात सापडतात.

शास्त्राची आणि इतिहासाची पार्श्वभूमी

ख्रिस्ती शास्त्रात मुक्तीची कथा मिसर देशातील गुलामांच्या सुटकेपासून सुरू होते. विटा पाडणाऱ्या वेठबिगारांची ती कथा आहे. नव्या करारात तिला आतला अर्थ मिळतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात येशू पापाच्या दास्याबद्दल आणि सत्याने मिळणाऱ्या स्वातंत्र्याबद्दल बोलतो. पंधराव्या अध्यायात द्राक्षवेल आणि फाटे यांच्या दृष्टांतातून त्याच्यात टिकून राहण्याचे महत्त्व सांगतो. पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात स्वातंत्र्य हा विश्वासी माणसाचा वारसा ठरतो, पण त्याच पत्रात त्या स्वातंत्र्याने एकमेकांची सेवा करावी अशी अटही येते. लूकच्या चौथ्या अध्यायात, नासरेथच्या सभास्थानात, येशू आपल्या कार्याची सुरुवात दीन, बंदिवान आणि दडपलेल्या लोकांचे नाव घेऊन करतो. पुढच्या सगळ्या भूमिकांनी आपला आधार याच उताऱ्यांत शोधला.

यावरून वाद पहिल्यापासून झाले. पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलागियस यांच्यात मानवी इच्छाशक्ती कितपत स्वतंत्र आहे यावर संघर्ष झाला. मार्टिन ल्यूथरने 1520 मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर छोटे पुस्तक लिहिले. विश्वासाने माणूस कोणाचाही दास राहत नाही आणि प्रीतीने तो सर्वांचा सेवक होतो, असा त्याचा युक्तिवाद होता. कॅथलिक परंपरेने इग्नेशियस लोयोलाच्या आध्यात्मिक साधनेतून वेगळा मार्ग आखला. तिला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. आपल्या आसक्ती ओळखून त्यांच्यापासून सुटणे आणि मग देवाची इच्छा निवडणे हा तिचा गाभा आहे. महाराष्ट्रात पुढे जे मिशनरी आले त्यांनी हे वाद आपापल्या शिदोरीत आणले.

मराठी भूमीवरील वाटचाल

ठाणे परिसराचा ख्रिस्ती इतिहास जुना आहे. सहाव्या शतकात कॉस्मास या प्रवाशाने 'कल्लियाना' येथे बिशप असल्याचे लिहिले. काही अभ्यासकांच्या मते ते ठिकाण म्हणजे मुरबाड-शहापूरच्या शेजारचे कल्याण. 1321 मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. त्यांच्यासोबत भारतात आलेला जॉर्डनस पुढे याच किनाऱ्यावर काम करत राहिला.

भाषेच्या दृष्टीने मोठी घटना 1616 मध्ये घडली. मूळचे इंग्लंडचे जेज्विट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण पुराणश्रवणाची सवय असलेल्या श्रोत्यांसाठी रचले होते. जगाची उत्पत्ती, मनुष्याचे पतन आणि तारणाऱ्याचे येणे ही कथा ओवीत ऐकताना मुक्ती ही श्रवणाने आणि स्मरणाने जवळ येणारी गोष्ट झाली. पण त्याच काळात पोर्तुगीज सत्तेने धर्मांतरासाठी बळ वापरले होते आणि 1560 पासून गोव्यात इन्क्विझिशन होते. एका हाताने स्वातंत्र्याची कथा सांगायची आणि दुसऱ्या हाताने सक्ती करायची, हा विरोध त्या काळावर कायमचा उमटला आहे. पुढच्या काळातील संशयांची मुळे त्यात आहेत.

1813 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत पोचले. त्यानंतरच्या शतकात अहमदनगर हे मराठी प्रोटेस्टंट जीवनाचे मोठे केंद्र झाले आणि 1842 मध्ये तिथून 'ज्ञानोदय' निघू लागले. बाबा पदमनजी यांनी 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि 1857 मध्ये विधवांच्या दुःखावर 'यमुनापर्यटन' लिहिले. देवाजवळ जाण्याचा प्रश्न आणि स्त्रीच्या बंधनाचा प्रश्न मराठी ख्रिस्ती लेखनात इतक्या लवकर एकत्र आले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अहमदनगर भागातील महार-मांग समाजातून अनेक कुटुंबे मंडळीत आली. शाळा, स्वतःचे नाव आणि प्रभुभोजनाच्या मेजावर बरोबरीची जागा हे त्यांच्यासाठी मुक्तीचे पहिले रूप होते.

पहिली भूमिका : कृपेचा वैयक्तिक अनुभव

पहिली भूमिका सांगते की मुक्ती ही देवाची देणगी आहे. ती कर्माने मिळवता येत नाही, विश्वासाने स्वीकारावी लागते, आणि ज्याने ती स्वीकारली त्याला ते आतून कळते. मराठीत या भूमिकेचे सर्वांत समर्थ उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात त्या सांगतात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, 1891 च्या आसपास, कृपेचा अर्थ आपल्याला उमगला असे त्या नोंदवतात. बुद्धीने पटलेला धर्म आणि जिवाला मिळालेली शांती यांतले अंतर त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे लिहून ठेवले की आजही अनेक मंडळ्यांत नव्या विश्वासीला तेच अंतर समजावून सांगितले जाते.

रमाबाईंच्या बाबतीत दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात चर्चच्या अधिकारावर तीव्र वाद आहे. देवाच्या अधिकारापुढे मान तुकवायला त्या तयार होत्या. एका पुरोहितशाहीतून सुटल्यावर दुसरीच्या हाती आपली सदसद्विवेकबुद्धी सोपवायला त्या तयार नव्हत्या. ही पत्रे 1977 मध्ये ग्रंथरूपाने आली. या भूमिकेचे बळ त्यांत दिसते, कारण देवाशी थेट नाते जुळलेला माणूस मधल्या मध्यस्थाला न घाबरता प्रश्न विचारू शकतो. टीकाकारांनी याच भूमिकेची उणीवही दाखवली आहे. अनुभव प्रत्येकाचा वेगळा असतो. तो कोणी तपासायचा, आणि ज्याला असा ठळक क्षण आलाच नाही त्याच्या विश्वासाचे काय, याचे समाधानकारक उत्तर ही भूमिका सहज देऊ शकत नाही.

दुसरी भूमिका : आत्म्याचे सामर्थ्य

दुसऱ्या भूमिकेनुसार क्षमा मिळाल्यावरही माणूस सवयींच्या, भीतीच्या आणि दुष्ट शक्तींच्या पकडीत असू शकतो. ती पकड पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने सुटते. रमाबाईंचे केडगाव हीच या भूमिकेचीही मराठी जन्मभूमी आहे. 1898 मध्ये इंग्लंडमधील केझिक येथील अधिवेशनात त्यांनी भारतासाठी आत्म्याच्या वर्षावाची प्रार्थना मागितली होती. 1905 च्या आरंभी केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये विशेष प्रार्थनामंडळे सुरू झाली आणि जूनअखेरीस पुनरुज्जीवन उसळले. 30 जूनच्या संध्याकाळी रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर नेहमीच्या शांत पद्धतीने बोलत असताना मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि त्यांना बोलणे थांबवावे लागले, असे तेव्हाचे वृत्तांत सांगतात. या घटनेचा प्रभाव दूरवर गेला. मुक्तीतील मिनी अब्रॅम्स यांची पुस्तिका चिलीत पोचली आणि 1909 च्या तिथल्या पेंटेकोस्टल जागृतीला तिने चालना दिली.

मुक्तीत जमलेल्या मुलींपैकी कितीतरी दुष्काळातून वाचलेल्या, विधवा, टाकलेल्या होत्या. ज्यांना घरात मोठ्याने बोलायची परवानगी नव्हती त्या सभेत मोठ्याने रडल्या, बोलल्या आणि नंतर तुकड्या करून गावोगाव साक्ष द्यायला गेल्या. अन्य भाषांत बोलणे मुक्तीत घडले, पण तो आत्मा मिळाल्याचा सक्तीचा पुरावा आहे असा आग्रह रमाबाईंनी धरला नाही. हा संयम पुढच्या वादांत अनेकदा विसरला गेला.

आज ग्रामीण ठाणे जिल्ह्यातील घरगुती संगती याच परंपरेच्या जवळ आहेत. उपास-प्रार्थना, आजाऱ्यावर हात ठेवणे, रात्रभराची जागरणे आणि साक्ष हा त्यांचा क्रम असतो. दारू सुटणे, करणीची धास्ती जाणे, घरातली मारहाण थांबणे हे साक्षींतले नेहमीचे विषय आहेत. समर्थक म्हणतात की जिथे भीती हेच रोजचे बंधन आहे तिथे भीतीवर अधिकार चालवणारा देवच खरा वाटतो. टीकाकारांचे आक्षेप दोन आहेत. भुताचे भय घालवताना भुतांवरचा विश्वास अधिक पक्का होतो, आणि भगताची जागा पास्टर घेतो. दुसरा आक्षेप औषधोपचाराबद्दल आहे. प्रार्थनेच्या भरवशावर क्षयाच्या किंवा साप चावलेल्या रोग्याचे उपचार थांबले तर ती मुक्ती नव्हे. जबाबदार पाळक प्रार्थना आणि दवाखाना दोन्हींचा आग्रह धरतात, आणि या प्रश्नावर सर्व मंडळ्यांची ठाम एकवाक्यता असायला हवी.

तिसरी भूमिका : संस्कार आणि साधना

कॅथलिक परंपरेत मुक्ती ही एका क्षणाची घटना कमी आणि आयुष्यभराची चाल अधिक असते. बाप्तिस्म्याने ती सुरू होते, मिस्साबलिदान आणि ख्रिस्तशरीराच्या स्वीकाराने तिचे पोषण होते, कुमसाराने, म्हणजे पापकबुलीने, तिची डागडुजी होते. देवाची जवळीक भावनेवर अवलंबून नाही. मन कोरडे असले तरी संस्कारातून देव भेटतोच, हा या भूमिकेचा मोठा दिलासा आहे. एकट्याच्या अनुभवाऐवजी समूहाची उपासना, संतांची सोबत आणि प्रायश्चित्तकाळासारखे वार्षिक चक्र यांवर तिचा भर असतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) लोकभाषेतील उपासनेला वाट मोकळी केली. त्याच परिषदेने 1965 मध्ये धर्मस्वातंत्र्यावर जाहीरनामा काढून श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये हे स्पष्ट केले. गोव्यातील जुन्या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर हे पाऊल मोठे आहे. वसईच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मधून शास्त्र रसाळ मराठीत आणले. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रार्थना आणि पर्यावरणाचा लढा, श्रद्धा आणि नागरिकाचे कर्तव्य यांची त्यांनी एकत्र गाठ घातली. या भूमिकेवरचा जुना आक्षेप असा की संस्कार सवयीचा झाला की जवळीक औपचारिक होते. 1970 च्या दशकापासून भारतात पसरलेली कॅथलिक कॅरिस्मॅटिक चळवळ हे त्या आक्षेपाला चर्चच्या आतूनच मिळालेले उत्तर मानता येईल.

चौथी भूमिका : भक्तीची वाट

नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची स्वतःची समजूत होती. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू आहे, माऊली आहे, सखा आहे. नियम पाळून सुटका होत नाही आणि वादात जिंकूनही होत नाही. प्रेमात 'मी' विरघळला की होते, असे ही वाट सांगते. मिशनच्या पगारावर आणि परदेशी धाटणीवर उभी असलेली मंडळी मराठी माणसाला आपली वाटत नाही, हे त्यांनी ओळखले होते. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग बाल्यावस्थेतच राहिला. पण 1922 मध्ये जॅक विन्स्लो यांनी अहमदनगरला सुरू केलेल्या आणि पुढे पुण्यात रुजलेल्या ख्रिस्तसेवा संघाच्या आश्रमजीवनात त्याचा धागा दिसतो.

लक्ष्मीबाई टिळकांची कहाणी या भूमिकेला वेगळे वजन देते. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिल्या आणि 1900 मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांना आधी आतून पटले, सोवळे गळून पडले आणि मग बाप्तिस्मा आला, हा क्रम 'स्मृतिचित्रे' वाचताना लक्षात येतो. कोणी ढकलल्याने नव्हे तर स्वतःच्या गतीने देवाजवळ जाणे कसे असते, याचा इतका स्वच्छ दस्तऐवज मराठीत दुसरा नाही.

शहापूर-मुरबाडमध्ये ही भूमिका परकी वाटण्याचे कारण नाही. आगरी-कुणबी गावांत हरिपाठ आणि सप्ताह रुजलेले आहेत. टाळ-मृदंगावर गायलेले ख्रिस्ती भजन तिथे कानाला ओळखीचे वाटते. या भूमिकेला दोन दिशांनी प्रश्न विचारले जातात. काही सनातनी ख्रिस्ती विचारतात की भक्तीत क्रूस आणि पश्चात्ताप यांची धार बोथट होते का. दलित आणि आदिवासी ख्रिस्ती विचारतात की वारकरी-संस्कृत वळणाची भाषा आमची आहे का. तारप्याच्या तालावर नाचणाऱ्या समाजाची भक्ती अभंगातच का मावावी, हा रास्त प्रश्न आहे.

पाचवी भूमिका : जोखडातून सुटका

पाचव्या भूमिकेला मिसरच्या वीटभट्ट्यांची कथा शब्दशः घ्यावीशी वाटते. 1971 मध्ये पेरूचे गुस्ताव्हो गुतिएरेझ यांचे मुक्तीच्या धर्मशास्त्रावरील पुस्तक आले. 1981 मध्ये अरविंद निर्मल यांनी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात केलेल्या मांडणीतून भारतीय दलित धर्मशास्त्राला सुरुवात झाली. देव शोषितांच्या बाजूचा आहे, म्हणून शोषितांजवळ जाणे हेच देवाजवळ जाणे, हा या विचाराचा कणा आहे. व्हॅटिकनने 1984 आणि 1986 मध्ये दोन निवेदने काढली. पहिल्यात मार्क्सवादी वर्गसंघर्षाची चौकट स्वीकारण्याबद्दल इशारा होता आणि दुसऱ्यात गरिबांच्या मुक्तीचा आग्रह शास्त्रसंमत असल्याचे सांगितले होते. दोन्ही एकत्र वाचली तरच चर्चची भूमिका नीट कळते.

ग्रामीण ठाण्यात या विचाराला प्रत्यक्ष जमीन आहे. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने रद्द झाली, तरी उचल, सालगडीपण आणि भट्टीचा हिशेब या वाटांनी ती टिकून राहिली. तिच्याविरुद्ध या जिल्ह्यात मोठे काम झाले ते मुख्यतः श्रमजीवी संघटनेसारख्या, कोणत्याही चर्चशी न जोडलेल्या संघटनांनी केले. हे ख्रिस्ती वाचकाने मोकळ्या मनाने मान्य करायला हवे. या भूमिकेचे समर्थक विचारतात की भट्टीमालकाच्या वहीत नाव अडकलेल्या माणसाला केवळ अंतःकरणाच्या मोकळेपणाची सुवार्ता कशी सांगायची. विरोधक विचारतात की कर्ज फिटले, जमिनीचा पट्टा मिळाला, आणि मनातला द्वेष, व्यसन, मृत्यूचे भय तसेच राहिले तर काय. दोन्ही प्रश्न खरे आहेत.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न काळाचा आहे. मुक्ती एका रात्रीत होते की हळूहळू? पहिल्या दोन भूमिका क्षणाला महत्त्व देतात, पुढच्या दोन चालीला. दारू सुटलेला माणूस पुन्हा प्यायला तर त्याची साक्ष खोटी होती असे म्हणायचे, की चालताना तो पडला असे? मंडळी याचे उत्तर काय देते, यावर त्या माणसाचे परत येणे अवलंबून असते.

दुसरा प्रश्न निवडीच्या स्वातंत्र्याचा आहे. 1893 मध्ये रमाबाईंनी विधवांसाठी चालवलेल्या शारदासदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वाद पेटला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले. आश्रयाला आलेल्या मुलीची निवड कितपत स्वतंत्र, हा त्यांचा प्रश्न होता. प्रार्थनेचे दार उघडे ठेवणे हेच स्वातंत्र्य, हे रमाबाईंचे उत्तर होते. सव्वाशे वर्षांनंतरही हा वाद संपलेला नाही. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने सदसद्विवेकाचे आणि धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य दिले आहे. 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे ठरवले. शाळा, औषध किंवा धान्य देणाऱ्या हाताने प्रार्थनेचे निमंत्रण द्यावे का, आणि दिले तर घेणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची किती मोकळीक असावी, हे प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारायचे आहे. सक्तीने किंवा आमिषाने आणलेली जवळीक ख्रिस्ती अर्थानेही मुक्ती ठरत नाही, यावर पाचही भूमिकांचे एकमत व्हायला हरकत नसावी.

तिसरा प्रश्न संस्कृतीचा आहे. विश्वासी झालेल्या आदिवासीने वाघदेवाचे पूजन सोडले, पण पेरणीची, लग्नाची, मर्तिकाची सामूहिक रीत सोडायची का? सगळे सोडले तर तो गावापासून तुटतो. काहीच सोडले नाही तर नव्या निष्ठेचा अर्थ काय, असे मंडळी विचारते. कोणता रिवाज पूजेचा आणि कोणता केवळ नात्याचा, हे बाहेरच्या पाळकापेक्षा पाड्यावरच्या विश्वासी माणसालाच जास्त कळते. तरी निर्णय बहुधा बाहेरून येतो.

चौथा प्रश्न अधिकाराचा आहे. भगत आणि सावकार यांच्यापासून सुटलेला माणूस पास्टरच्या, धर्मगुरूच्या किंवा संस्थेच्या शब्दाला बांधला गेला तर तो मोकळा झाला का? दशांश, पोशाख, सण, लग्नसंबंध यांवरचे नियम वाढत जातात, तेव्हा रमाबाईंनी जेराल्डीनला विचारलेला प्रश्न पुन्हा समोर येतो. त्यातच स्त्रियांचा प्रश्न आहे. घरगुती संगतींत प्रार्थनेचा भार बहुतेक बायांवर असतो, निर्णयाची खुर्ची मात्र पुरुषाकडे असते. ज्या परंपरेत मुक्तीच्या मुली गावोगाव साक्ष देत फिरल्या, तिला हे विसंगत आहे.

पाचवा प्रश्न भाषेचा आहे. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे साध्या वाचकाला कळेल असे बायबल मराठीत आणण्यात घालवली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केलेले ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये, पूर्ण छापून निघाले. त्यामागची तळमळ आजही तितकीच लागू आहे. कातकरी किंवा ठाकरी बोलणाऱ्या बाईला उपासनेतली प्रमाण मराठी अर्धीच कळली, तर देव जवळ असूनही त्याचे बोलणे दूरच राहते.

आज कुठे उभे आहोत

या पाच भूमिकांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. त्या एकमेकींना खोट्या ठरवत नाहीत, प्रत्येक भूमिका दुसरीची उणीव दाखवते. कृपेचा अनुभव नसेल तर संस्कार सवयीचा होतो. संस्कार आणि समूह नसेल तर अनुभव एकाकी आणि मनमानी होतो. भक्ती नसेल तर चळवळ कडवट होते. न्यायाची चाड नसेल तर भक्ती आत्ममग्न होते. आणि सामर्थ्याची साक्ष नसेल तर भीतीत जगणाऱ्या माणसाला या साऱ्या गोष्टी शहरी वाटतात. मराठी ख्रिस्ती परंपरेचे भाग्य असे की यातल्या बहुतेक वाटा तिने आपल्याच माणसांच्या आयुष्यातून शोधल्या. रमाबाईंच्या एका जीवनात पहिली, दुसरी आणि पाचवी भूमिका एकत्र नांदल्या.

माझ्या मते देवाच्या जवळिकीची कसोटी तिच्या फळात आहे. देवाजवळ गेलेला माणूस भगतापुढे घाबरत नसेल, सावकारापुढे वाकत नसेल, पाळकाला आदराने प्रश्न विचारू शकत असेल, बायकोवर हात उगारत नसेल आणि वेगळ्या श्रद्धेच्या शेजाऱ्याला तितकाच मोकळा राहू देत असेल, तर ती जवळीक खरी आहे. यातला एखादा भाग नसेल तर काम अजून अपुरे आहे, असे समजून पुढे चालावे.

या चर्चेत एक आवाज अजून फारसा ऐकू आलेला नाही. मुक्तीबद्दल धर्मगुरू, मिशनरी, विद्वान आणि टीकाकार लिहीत आले. ज्यांच्या मुक्तीबद्दल हे सगळे लिहिले जाते, त्या पाड्यांवरच्या विश्वासी बायापुरुषांचे बोलणे त्यांच्याच बोलीत कुठे छापलेले सापडत नाही. शहापूर आणि मुरबाडमधील मंडळ्यांनी, मग त्या कॅथलिक असोत, जुन्या प्रोटेस्टंट परंपरेच्या असोत किंवा घरगुती संगती असोत, हे काम हाती घ्यावे. लोकांच्या साक्षी त्यांच्या संमतीने, त्यांच्या शब्दांत, नावे उघड न करता टिपून ठेवाव्यात. त्यात जे मोकळे झाले ते लिहावे आणि जे अजून बांधलेले आहे तेही लिहावे. या प्रश्नाचा पुढचा आढावा त्या साक्षींच्या आधाराने लिहिला जावा, एवढीच विनंती.